ओढ्याच्या टोकाचा डबा

विरू, तुझ्या डाव्या तळहातावर तुझे इष्टलिंग ठेवायचे होते, आणि तो तळहात उघडत नव्हता. बोटे आत वळून काळी पडली होती. जंगमस्वामींनी ती हलक्या हाताने सोडवू पाहिली, तर कातडी त्यांच्या बोटांना चिकटून आली. मागून कुणीतरी म्हणाले, "उजव्या हातावर ठेवा की." स्वामींनी मान हलवली. "न्हाई. ह्याच हातावर." मग त्यांनी लिंग त्या जळक्या मुठीवर टेकवले आणि पांढऱ्या फडक्याने बांधून टाकले.

तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवे करून निरोप देत नाहीत, बसवून पुरतात. त्यामुळे अगदी शेवटपर्यंत तू मांडी घालून माझ्यासमोर बसलेला होतास, दुकानात माझ्याशी वाद घालायला बसायचास तसा. छातीवरून पोटापर्यंत गेलेले शवविच्छेदनाचे टाके भस्माखाली लपवले होते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण विजेचा धक्का एवढेच लिहिले. वीज कुणाची, हे शरीर सांगत नाही. ते सांगणे माझ्याकडे होते, आणि तुझ्यावर माती पडेपर्यंत मी ते सांगितले नव्हते.

माती पडत असतानाच केजच्या बाजारात बोलले जात होते की विरूपाक्षला त्याच्याच यंत्राने मारले. आपल्या हाताने बनवलेल्या डब्याने आपलाच जीव घेतला, हे लोकांना सांगायला सोपे होते, आणि ऐकायला गोड. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातली माणसे रानात शिरली. त्यांनी बांबूवर लावलेला एकेक डबा खाली ओढला आणि दगडाने ठेचला. कुणी कोयत्याने वायरी तोडल्या. एकाने टोकाच्या डब्यावर इतके घाव घातले की बांबूचे उभे चिरफाळे झाले. मी बांधावर उभा होतो. साप मारताना माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो मी त्या चेहऱ्यांवर पाहिला आणि तरीही काही बोललो नाही.

तुला आठवते, हे सारे सुरू झाले तेही मांसाच्या चिंध्यांनीच. माझा धाकटा भाऊ बाळू पहाटे उन्हाळी भुईमुगात गेला होता. उसातून निघालेल्या डुकराने त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाडली. तू दुकानाचे शटर ओढून दवाखान्यात आलास आणि खाटेवरच्या बाळूला म्हणालास, "काय बे, डुकरानं तुला भुईमूग समजलं का काय?" बाळू हसला आणि टाके ताणले म्हणून ओरडला. पण बरा झाल्यावर त्याने जे केले, त्यावर तू हसला नाहीस. त्याने शेतीच्या विजेच्या लाईनवर चोरून आकडा टाकला आणि ओढ्याच्या कडेने उघडी तार ताणली. पहिल्या आठवड्यात एक डुक्कर मेले, आणि शेजारच्या वस्तीवरची गाभण शेळी मेली. शेळीचे पोट फुगून टम्म झाले होते आणि आतले पिल्लू काही वेळ हलत होते. तू ते पाहिलेस आणि बाळूच्या सदऱ्याला धरलेस.

"बाळ्या, उद्या माणूस मरंल!"

"माणसानं कशापायी यावं माझ्या रानात?"

"आन् तुझी माय आली तर?"

बाळूने सदऱ्यावरचा तुझा हात सोडवला. तूच त्याला तोडगा दिलास: आम्ही दोघे राखण करणारे डबे बनवतो, तू तार काढ. देश नुकताच जगासाठी खुला झाला होता. ज्या चिपा आपण कॉलेजात फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिल्या, त्या आता पुण्याच्या बाजारात पिशवीने मिळत होत्या. तू तिथली कंपनीची नोकरी सोडून केजला रेडिओ-टीव्हीचे दुकान थाटले होतेस. मी अंबाजोगाईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. चोरघंटीत असतो तसा उष्ण अंगाची हालचाल ओळखणारा डोळा, बिनतारी संदेश पाठवणारी एक पट्टी आणि टॉर्चचे सेल, एवढे आपण श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत बसवले. डुक्कर समोर आले की डबा संदेश पाठवी, आमच्या शेतघराच्या गच्चीवर त्या डब्याच्या नावाचा दिवा लागे आणि ट्रकचा हॉर्न असा काही बोंबले की डुकरेच काय, माझी आईही अंथरुणातून उडे. बाळूने खरोखर तार काढली. तिचे वेटोळे त्याने गोठ्यात टांगले आणि तुला म्हणाला, "विरूभाऊ, तुझ्या डब्यावर माझा भुईमूग हाय बरं."

आपला वाद पहिल्याच महिन्यात पेटला. डबे किती जगतील आणि किती रान पाहतील, यातले एक वाढवले की दुसरे घटते. हे आपल्याला दोघांनाही माहीत होते. तुझे म्हणणे होते की प्रत्येक डब्याने थेट गच्चीपर्यंत ओरडू नये. "ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेली माणसं गावापर्यंत हाळी देतात का बे मास्तर? हा त्याला सांगतो, तो पुढच्याला. आन् एक जागा असला की दुसरा डुलकी काढतो. डब्यायला बी झोपू दे की पाळीपाळीनं."

मी म्हणालो, ज्या क्षणी डबा झोपेल त्याच क्षणी डुक्कर तिथून जाईल. शिवाय सगळ्यांचे निरोप वाहून नेणारे घराजवळचे डबे आधी संपतील.

"मग त्यायला स्कूटरची बॅटरी लाव. जिथं हात पोचतो तिथलं मरू दे, बदलता येतं. लांबचं जगव."

हे उत्तर बरोबर होते. मला ते त्याच वेळी कळले होते. पण मला परिसंवादात दाखवायचा एक नकाशा हवा होता, ज्यात आमच्या रानाचा एकही कोपरा पांढरा राहिलेला नसेल. सगळे डबे सतत जागे, सगळे थेट गच्चीशी जोडलेले. रान माझे होते, म्हणून मी जिंकलो. तू सोल्डरचे डाग देऊन डब्यांची संदेश पाठवायची ताकद वाढवलीस. ते करताना एकदाही वर पाहिले नाहीस. दूर ओरडणाऱ्याचा दम लवकर संपतो, आणि अंतर थोडे वाढले तरी सेलचा खर्च कितीतरी पट वाढतो. तेव्हा सर्वांत लांबचा, ओढ्याच्या टोकाचा डबा सर्वांत आधी मरणार, हे ठरलेलेच होते. तू फक्त एवढेच म्हणालास, "करून देतो. पर शेल बदलायला तूच जा."

तो डबा मेला तेव्हा माझ्याकडे उत्तरपत्रिका होत्या. मी आज-उद्या करत राहिलो. नकाशात तिथे भोक पडले आणि डुकरांनी ते आपल्याआधी शोधले. चार रात्रींत बाळूचा ओढ्याकडचा भुईमूग मुळासकट उकरला गेला. त्याने मला कॉलेजात फोन केला. मी म्हणालो, रविवारी येतो. तो म्हणाला, "बरं." त्या "बरं" मध्ये काय होते ते मी विचारले नाही. त्याने गोठ्यातले वेटोळे उतरवले आणि बरोबर तेवढ्याच भोकात, उसाच्या कडेने, पुन्हा तार ताणली.

रविवारी तू नवे सेल घेऊन आलास. तू मला विचारलेस, विरू. नेमके हेच विचारलेस.

"बाळ्यानं तार-बीर पुन्हा लावली न्हाई ना?"

"नाही रे. ती केव्हाच काढली."

मी गोठ्यात डोकावलो नव्हतो. बाळूला विचारले नव्हते. मला जे खरे असावे असे वाटत होते, ते मी तुला खरे म्हणून सांगितले. तू माझ्या पोटावर चापट मारलीस. "मास्तर, हे घेऊन तू बांधावरनं उड्या मारनार व्हय? वर जा, दिवा बघ. मीच जातो."

पुढचे तुला माहीत नाही. ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो, आणि इथपर्यंत येण्याआधी अनेकदा उठून गेलो.

मी गच्चीवर होतो. ऊस डोक्यावर गेलेला, तू दिसत नव्हतास. टोकाच्या डब्याचा दिवा लागला. मला आनंद झाला: सेल बसले, डबा जागा झाला. आपली रीत होती की सेल घातल्यावर डब्यासमोर हात हलवायचा आणि गच्चीवरच्याने टॉवेल हलवून दिवा दिसल्याचे कळवायचे. दिवा विझला, लागला. विझला, लागला. भराभर, वेड्यासारखा. हॉर्न थांबत नव्हता. मला वाटले, तू माझी थट्टा करतो आहेस, डब्यासमोर नाचतो आहेस. मी हॉर्नची वायर काढली आणि टॉवेल हलवला. हसत हलवला. "दिसला, दिसला, बास की आता!" असे ओरडलो.

तू तडफडत होतास. डबा मला तुझी तडफड एकही ठोका न चुकवता सांगत होता, आणि मी टॉवेल हलवत होतो.

दिवा थांबल्यावर मी खाली उतरलो, चुलीपाशी जाऊन आईला दोन चहा टाकायला सांगितले. तू आला नाहीस, तेव्हा रानात गेलो. उसाच्या कडेला तू पडला होतास; डावा हात तारेला लोंबकळत होता आणि त्यातून धूर येत होता. तो वास मी वर्णन करणार नाही. मी तुला धरायला झेपावलो, तोच विहिरीकडून बाळू लंगडत, धावत, किंचाळत आला, "हात लावू नको अण्णा! तार जिती हाय!"

त्याने बांबूने आकडा पाडला. तुझा हात सुटून मातीवर पडला. काय झाले ते त्याने तिथेच, दात वाजत असताना सांगितले. आदल्या रात्री त्याने आकडा टाकला. पहाटे वीज गेली. वीज गेली की तार मेली, हेच त्याचे बटण. दिवसा आपल्या लाईनला वीज मिळायची पाळी नव्हती, म्हणून आकडा काढायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. आणि त्या दुपारी पाळी नसताना वीज आली. आमच्याकडे वीज आली की माणसे मोटार चालू करायला पळतात. बाळूही विहिरीवर पळाला होता. मोटारीच्या आवाजात त्याला तुझा आवाज ऐकू आला नाही. तू ओरडला असशील का? हे मी कुणाला विचारू?

मी जीप आणायला धावलो. परत आलो तेव्हा तार नव्हती. खुंट्यांवर गुंडाळलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे तेवढे राहिले होते. पोलीस आले. बाळू माझ्याकडे पाहत म्हणाला, "डब्याचा शॉक बसला असंल साहेब." जमादारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, आणि खाली गेलेली मान होकार म्हणून लिहिली गेली.

तुझ्या माघारी काय झाले ते ऐक. लोक तुझ्या दुकानावर आले. ज्यांचे रेडिओ तू वर्षानुवर्षे जिवंत ठेवलेस ते आले. तुझ्या बायकोने, गिरिजावहिनींनी, कपाळाचे भस्मही पुसले नव्हते, आणि एक बाई पायरीवर उभी राहून म्हणाली, "आमची इस्त्री देऊन टाका बाई. न्हाई दुरुस्त झाली तरी चालंल. त्याच्या हाताची वस्तू घरात नको." वहिनींनी एकेक वस्तू उचलून दिली. मी आत बसलो होतो. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"भावजी, तुमी शिकलेले आहात. एवढंच सांगा. डब्याच्या शेलनं माणूस मरतो का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कशानं मेले?"

मी उठून बाहेर पडलो आणि मिळेल त्या जीपने गावी गेलो.

बाळू गोठ्यात होता. मी त्याला म्हणालो, चल, केजला जाऊ, दोघांनी जाऊन खरे सांगू. तो म्हणाला, "मयत वापस येनार हाय का? मला आत टाकून तुला काय भेटनार?" मग त्याचा आवाज चढला. "चार राती डुकरं नाचली माझ्या रानात! तवा तुझा डबा मेलता. तू पेपर तपासत बसलतास! तार मी डुकरासाठी लावली, विरूभाऊसाठी न्हाई!"

विरू, मी आयुष्यात कुणाला मारले नव्हते. त्याचा प्रत्येक शब्द खरा होता, आणि म्हणूनच मी त्याच्या तोंडावर मारले. तो पडला तर त्याच्या फाटलेल्या मांडीवर पाय दिला आणि जोर दिला. तो किंचाळला. मला ते थांबवायचे नव्हते. त्याने हाताला आलेला खुंटा माझ्या डोक्यात घातला. डोळ्यात रक्त उतरले, तरी मी त्याचा गळा सोडला नाही. मला त्याला मारून टाकायचे होते. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, शांतपणे लिहितो आहे: त्या गोठ्यात मी एका माणसाला मारून टाकू इच्छित होतो, आणि तो बाळूच असायला हवा होता असे नाही, माझ्या हाताशी माझा स्वतःचा गळा नव्हता, इतकेच. आई मध्ये पडली. तिने माझ्या मनगटाला दात लावले तेव्हा माझी बोटे सुटली.

"एक तर गेला लोकाचा," ती म्हणाली. "आता माझे दोनी घालवतो का रे?"

मी तसाच, रक्ताने माखलेला, ओढ्यावर गेलो. ठेचलेल्या डब्याच्या चुऱ्यातून तू बसवलेले सेल वेचले. ते अजून नवेच होते. ते खिशात घालून केजच्या ठाण्यात गेलो.

जमादारांनी माझे डोके पाहिले. "कुनी मारलं सर?"

"ते नंतर. आधी पाणी द्या."

त्यांना वाटले मला प्यायला हवे आहे. मी त्या पाण्यात दोन्ही हात बुडवले, सेल एकापुढे एक धरले आणि दोन्ही टोकांना ओले हात लावून बसून राहिलो. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग टोक जिभेला लावले. मग त्यांच्यापुढे धरले. "धरा तुम्ही. मुंगी चावल्याइतकेही लागणार नाही. याने माणूस मरत नाही."

जमादार सज्जन होते, निदान माझ्यासाठी. त्यांनी आवाज खाली आणला. "सर, कळतंय की मला. पर लिहिलंय ते राहू द्या. मयताला काय फरक पडतो? तुमचं घर वाचतंय."

"मयताला फरक पडतो," मी म्हणालो.

"मग तार कुनाची?"

"माझ्या भावाची. आणि तार काढली आहे, असे मयताला सांगणारा मी. तेही लिहा."

त्यांनी लिहिले. बाळूला त्याच संध्याकाळी आणले. त्याचा गळा सुजला होता. तो माझ्यासमोरून गेला पण मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते. आई आता रोज सकाळी त्याची भाकरी फडक्यात बांधून केजच्या जीपमध्ये बसते. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर जायला निघालो, तर तिने जीपवाल्याला सांगितले, "ह्याला दुसऱ्या गाडीनं येऊ दे."

काल बाजाराचा दिवस होता. मी वहिनींकडे गेलो आणि सर्व सांगितले: डब्याची वाढवलेली ताकद, मेलेले सेल, बाळूची तार, तुझा प्रश्न आणि माझे उत्तर. टॉवेलचेही सांगितले. त्या तुझ्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. मी संपवल्यावर त्यांनी विचारले,

"त्यांनी तुमाला इचारलं हुतं?"

"विचारले होते."

"आन् तुमी बघितलं न्हवतं."

"नाही."

त्यांनी बाहेर बोट दाखवले. रस्ता माणसांनी भरला होता. "मला सांगून मी काय करू भावजी? ज्यायनी वस्तू वापस नेल्या त्यायला सांगा."

मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. मला बाजारात बोलता येत नाही; वर्गातही मागच्या बाकाला माझे ऐकू जात नाही. मी ओरडलो, विरू. घसा फाटेपर्यंत ओरडलो. तुझ्या डब्याने तू मेला नाहीस, हे सांगितले. कुणाच्या तारेने मेलास, तो माझा कोण, हे सांगितले. ती तार आहे की नाही हे न पाहताच तुला तिच्याकडे कुणी पाठवले, हेही सांगितले. कांद्याच्या ढिगाऱ्यामागचा माणूस तराजू धरून तसाच उभा राहिला. कुणीतरी दगड मारेल असे मला वाटले. कुणी मारला नाही.

मागे शटर खाली आले. वहिनींनी ते आतून ओढले होते, मी बाहेर असताना. मी हाक मारली. आतून कुलूप घातल्याचा आवाज आला.

आपल्या इतक्या वादांत मी तुझे एकदाही मान्य केले नाही. वहिनींचे हे बंद शटर मात्र मान्य केले. पायरी उतरलो आणि निघालो.